आमच्या वर्षाची फळी

फळी काढणार आहेत, हा निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसरा साबणात होता. फोनवर आमच्या शाळेचा हेडक्लार्क होता आणि त्याच्या आवाजात एक शांत आनंद होता. लोकांच्या दारावर 'उद्या पाणी बंद राहील' अशी चिठ्ठी चिकटवताना माणसाला होतो तसा. तो आनंद मी बरोबर ओळखतो, कारण मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात आहे आणि तसल्या चिठ्ठ्या आमच्याच ऑफिसातून निघतात.

"तुमच्या वर्षाची फळी कोरी आहे," तो म्हणाला. "सभागृहाचं नूतनीकरण चाललंय. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, संस्थापक दिनापर्यंत नाव आलं तर ठीक. नाहीतर फळी काढून तिथे घड्याळ लावायचं."

"घड्याळ?"

"मोठं आहे. सेकंदकाटासुद्धा आहे."

सेकंदकाट्याचा उल्लेख करायची काही गरज नव्हती. तो मला झोंबला.

आमची शाळा अँग्लिकन चर्चची, खासगी. बाहेरून दगडी, आणि आतून, विशेषतः गणिताच्या तासाला, त्याहून दगडी. तिच्या सभागृहात भिंतभर लाकडी फळ्या आहेत. एका वर्षाला एक फळी. त्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलांपैकी जो पुढे नाव काढेल, त्याचं नाव फळीवर सोनेरी अक्षरांत येतं. आमच्या आधीच्या वर्षाच्या फळीवर एक नौदलप्रमुख आहे. आमच्या नंतरच्या फळीवर एक गृहस्थ आहेत, ज्यांनी बेडकाची नवी जात शोधून काढली. त्या बेडकाला त्यांचं आडनाव दिलेलं आहे. नौदल आणि बेडूक यांच्या मधोमध आम्ही, आणि आम्ही कोरे.

लहानपणी त्या भिंतीखाली प्रार्थनेला उभे राहून आम्ही वर बघायचो आणि आपलं नाव कुठे येईल ते ठरवून टाकायचो. ती फळी गेली म्हणजे आम्ही त्या शाळेत शिकलोच नाही असं होणार होतं. नौदलावरून नजर निघणार, ती घड्याळावर जाणार आणि पुढे थेट बेडकावर. मग एकदम अंगात काहीतरी संचारलं. 'नाव मी आणतो!' असं मी फोनवर ओरडलो आणि उरलेला गाल तसाच ठेवून ऑफिसला गेलो.

वर्गमित्रांच्या गटावर मी संदेश टाकला: 'आपल्यातला सर्वांत नामवंत कोण? ताबडतोब कळवा.' मला वाटलं होतं, चर्चा होईल. चर्चा झालीच नाही. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने अत्यंत विनयाने स्वतःचंच नाव कळवलं. एकाने लिहिलं, 'मला असल्या गोष्टींची हौस नाही, पण फोटो सोबत जोडला आहे.'

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मी माझं नाव कळवलं नाही. दुसरं कोणी कळवेल म्हणून मी वाट पाहिली. बायकोसमोर बसून दोनदा म्हणालो, "कोणाचं नाव द्यावं, काही सुचत नाही बुवा." दोन्ही वेळा ती म्हणाली, "खरंच, तुमच्यात कोणी दिसत नाही." आणि पुढ्यातली भाजी निवडत राहिली.

तोवर बातमी जिन्यात पोचली होती. आमच्या जिन्यात बातमी पोचली की ती पहिल्यांदा ऑडिटरकाकांच्या दारावर टेकते. काका निवृत्त आहेत, पण त्यांची हरकत घेण्याची सवय अजून नोकरीत आहे. "नामवंत कोणाला म्हणायचं, याची व्याख्या आधी मागून घ्या," त्यांनी बजावलं. "व्याख्येशिवाय पुढे जाल तर फसाल." तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, फोटोत हसताना ज्याचे दात चांगले दिसतात तोच माणूस निवडावा, पुढे तोंड दाखवायचं असतं. एवढं सांगून त्यांनी माझ्या दातांकडे पाहिलं आणि आपलं कार्ड पुढे केलं.

व्याख्या मागायला मी शाळेत गेलो. हेडक्लार्कने एक नियम काढून दाखवला. नामवंत असल्याचा दाखला लागतो.

"कोणाचा?"

"दुसऱ्या नामवंताचा."

"आणि तो नामवंत आहे कशावरून?"

"त्याचा दाखला आमच्याकडे असतो ना," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अचरटासारखं बोललो. तक्रार विभागात मी स्वतः लोकांकडे असंच बघतो. समोरच्या बाजूने ते कसं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

पहिला उमेदवार ढब्बू. ढब्बूचा चेहरा घराघरांत पोचलेला आहे, कारण एका गादीच्या जाहिरातीत तो झोपलेला असतो. अभिनय नाही, खरंच झोपलेला असतो. चित्रीकरणाच्या दिवशी त्याला उठवायला माणूस ठेवावा लागला होता. प्रिन्सिपल बाई नव्या, तरुण आणि कडक. त्यांनी जाहिरात पाहिली आणि हेडक्लार्कमार्फत विचारलं, "यांनी डोळे उघडून काही केलंय का?" मी प्रामाणिक माणूस. म्हणालो, विचारून सांगतो.

दुसरा बांबू. तो न्यायाधीश झाल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसातच खुर्चीवरून उडालो. नौदल, न्यायव्यवस्था, बेडूक! काय शोभेल भिंत! उडी मारून झाल्यावर चौकशी केली, तेव्हा कळलं की तो कुत्र्यांच्या प्रदर्शनात न्यायाधीश आहे. तरीही मी त्याच्याकडे गेलो. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली, माझी पाठ आणि पाय निरखले आणि म्हणाला, "उभं राहण्याची ढब सुधार." फळीवर यायला तो तयार होता. अट एकच, त्याच्या कुत्रीचं नावही खाली हवं, कारण बक्षिसं तिला मिळाली आहेत. बाईंनी आतूनच हेडक्लार्कला दार दाखवायला सांगितलं. बांबूला नव्हे, मला.

संस्थापक दिन आठवड्यावर आला आणि मी हाय खाल्ली. बायको म्हणाली, "घड्याळ काय वाईट आहे? वेळ तरी कळेल." मी उठून गॅलरीत गेलो. तेवढ्यात गॅलरीत माझ्या डोक्यात उजेड पडला. गायब! वर्गमित्रांच्या गटात तो नव्हता, म्हणून माझ्या डोक्यातून तो सपशेल निसटला होता. कशात नसणं हा त्याचा जुनाच गुण.

गायब माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा, म्हणजे बसायला हवा होता. घंटा झाली की त्याचे पाय आपोआप मागच्या भिंतीकडे वळायचे. भिंतीपलीकडे ओढा होता, त्यात तो मासे बघत बसायचा. आता आमच्या शाळेत हजेरीला 'येस सर' म्हणत नसत, 'आडसम' म्हणत. लॅटिन शब्द आहे, अर्थ 'मी हजर आहे'. हजेरी घ्यायचे रेव्हरंड सर. ते हजेरीपटातून डोकं वर काढायचे नाहीत, कानांनीच वर्ग मोजायचे. त्यामुळे गायबचं नाव आलं की मी नाकातून बारीक 'आडसम' म्हणायचो आणि माझं नाव आलं की घशातून जाड. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. शेवटी पूर्ण हजेरीचं बक्षीस गायबला मिळालं. मला मिळालं नाही. एके दिवशी त्याची हजेरी देण्याच्या नादात माझी द्यायची राहून गेली होती.

आणि हा गायब आता कोण आहे? जगन्मान्य शिक्षणतज्ज्ञ! मुलं शाळेतून पळतात का आणि त्यांना टिकवावं कसं, हा त्याचा विषय. देशोदेशीची सरकारं त्याला बोलावतात. त्याचा फोटो मात्र कुठे धड नाही. प्रत्येक फोटोत तो चौकटीबाहेर निघाल्यासारखा अर्धाच दिसतो.

त्याच्या सेक्रेटरीबाईंना फोन केला. "सर आहेत का?"

"असायला हवेत," त्या थकून म्हणाल्या.

पण गायब सापडला! माझा आवाज ऐकताच आनंदाने ओरडला. "येतो! म्हणजे काय! आणि ऐक, तुझी एक वस्तू माझ्याकडे आहे, तीही आणतो." दाखल्याचंही सुटलं. बेडूकवाल्यांनी तो चार ओळींत लिहून दिला, कारण गायबने म्हणे त्यांना पहिला बेडूक ओढ्यातच दाखवला होता. हेडक्लार्कने दाखला उलटा धरून, सुलटा धरून, उजेडात धरून पाहिला आणि जड मनाने शिक्का मारला. मी घरी येऊन बायकोला उचलायचाच बाकी होतो. वयाकडे बघून तो बेत रद्द केला आणि तिच्या हातातली पिशवी उचलली.

"पाहुण्याला एकट्याला सोडू नका," ऑडिटरकाकांनी बजावलं. "ऐन वेळी माणूस हलतो. मी ऑडिटमध्ये गोदामंच्या गोदामं हललेली पाहिली आहेत." मी हसलो. हसायला नको होतं.

संस्थापक दिन उजाडला. सभागृह गच्च भरलं होतं. बायको इस्त्रीची साडी नेसून तिसऱ्या रांगेत, तिच्या शेजारी ऑडिटरकाका, डॉक्टरीणबाई आणि जवळजवळ सगळा जिना. व्यासपीठावर प्रिन्सिपल बाई, आणि खास हजेरी घ्यायला बोलावलेले आमचे रेव्हरंड सर. केस पांढरे झालेले, डोकं तसंच कागदात. आमच्या फळीसमोर रंगारी शिडीवर बसला होता. त्याच्या एका खिशात ब्रश होता आणि दुसऱ्या खिशात स्क्रूड्रायव्हर. शाळेची रीतच तशी. नाव पुकारलं की नामवंताने स्वतः उभं राहून 'आडसम' म्हणायचं, तसा रंगारी सोनेरी पहिलं अक्षर काढतो. उत्तर आलं नाही तर नाव बाद. यंदा नाव बाद म्हणजे फळीही बाद. भिंतीला टेकून घड्याळ उभंच होतं, आणि चालू होतं.

गायब फाटकाशी आला. टक्कल पडलेलं, डोळे तेच. आम्ही इतके कडकडून भेटलो की माझा चष्मा त्याच्या खिशात गेला, तो परत काढून घ्यावा लागला. मी त्याला हॉलच्या बाजूच्या दाराशी खुर्चीवर बसवलं आणि ढब्बूला त्याच्या शेजारी पहाऱ्याला ठेवलं. "याला हलू द्यायचं नाही," मी सांगितलं. ढब्बूने गंभीरपणे मान हलवली. मी पुढे जाऊन बसलो. आमचं वर्ष भिंतीवर चढणार होतं!

मग घंटा झाली. तीच जुनी पितळी घंटा.

मी मागे वळून पाहिलं. ढब्बू गाढ झोपला होता. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि बाजूचं दार हलत होतं.

उठावं तर उठवेना, ओरडावं तर आवाज फुटेना. काकांनी तिसऱ्या रांगेतून 'मी सांगितलं होतं' असा चेहरा केला. रेव्हरंड सरांनी आमचं वर्ष पुकारलं. रंगाऱ्याने दोन्ही खिशांवर हात ठेवले. सरांनी गायबचं पूर्ण नाव वाचलं.

घड्याळाचा सेकंदकाटा स्पष्ट ऐकू येत होता. रंगाऱ्याचा एक हात हळूच स्क्रूड्रायव्हरच्या खिशात गेला.

"आडसम!"

नाकातून, बारीक, खणखणीत. अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं तेव्हा मला कळलं की तो आवाज माझा होता. मी काही ठरवलं नव्हतं. नाव आलं आणि उत्तर गेलं, वर्षानुवर्षं जायचं तसं. मी उभाही राहिलो होतो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रिन्सिपल बाई स्वतः खाली येऊन मला हाताला धरून वर घेऊन गेल्या. त्यांनी मला कधी समोर पाहिलं नव्हतं आणि गायबचे अर्धेच फोटो पाहिलेले, तेव्हा उरलेला अर्धा मी असू शकत होतो. हेडक्लार्क मला चांगला ओळखत होता, पण शिक्का त्याने स्वतः मारलेला असल्याने तो छताकडे बघत होता. ऑडिटरकाका मात्र हरकत घ्यायला उभे राहिले. तेव्हा माझ्या बायकोने त्यांच्या कोटाचं टोक धरून त्यांना खाली बसवलं. चांगलं दणकन बसवलं. आणि माझ्याकडे बघून ती हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसं हसताना मी तिला फार थोड्या वेळा पाहिलंय.

माझ्या गळ्यात पदक आलं. पाठोपाठ माईक आला. "मुलांना शाळेत कसं टिकवावं, यावर चार शब्द," बाई म्हणाल्या.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी माईक धरला आणि जे खरं होतं ते बोलून मोकळा झालो. "माझ्या माहितीत एक मुलगा होता," मी म्हणालो. "तो वर्गात टिकत नसे. पण त्याचं नाव कधी कटलं नाही, कारण शेजारच्या बाकावर एक गाढव होतं. ते रोज सांगायचं, आहे, हा आहे. मुलगा ओढ्यावर असला तरी तो आपल्यातलाच आहे, असं कोणीतरी सांगत राहावं लागतं. मग तो परत येतो. एवढंच मला ठाऊक आहे." टाळ्या थांबेनात. डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. रंगाऱ्याने सोन्याचं पहिलं अक्षर काढलं.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण नामवंतानंतर त्या वर्षाच्या हजर मुलांची हजेरी होते, हे मी साफ विसरलो होतो. ढब्बूला कोपर मारून उठवण्यात आलं, त्याने 'आडसम' म्हटलं. बांबूने उत्तम ढबीत उभं राहून म्हटलं.

मग सरांनी माझं नाव पुकारलं.

मी व्यासपीठावर, गळ्यात दुसऱ्याचं पदक, तोंड उघडं. उत्तर द्यावं तर आत्ताच झालेला नामवंत खोटा पडतो. न द्यावं तर मी गैरहजर. पुन्हा एकदा, त्याच माणसापायी, त्याच सरांच्या पटात गैरहजर! सरांची पेन्सिल कागदावर थांबली. मी बायकोकडे पाहिलं. ती खुर्चीच्या टोकावर आली होती.

"आडसम!"

घशातून, जाड. थेट माझ्यासारखा. आवाज बाजूच्या दारातून आला होता. तिथे गायब उभा होता. पँट गुडघ्यांपर्यंत भिजलेली, हातात बूट, तोंडभर हसू. आयुष्यात पहिल्यांदा तो हजेरीला वेळेवर आला होता, आणि तोही माझ्या.

रेव्हरंड सरांनी तेव्हा एक गोष्ट केली, जी आम्ही शाळेत कधी पाहिली नव्हती. त्यांनी डोकं वर केलं. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोघेही हजर," आणि पेन्सिलने खूण केली.

पुढे आभारप्रदर्शन सुरू झालं. ते आमच्या शाळेत फार लांबतं. मी हळूच बाजूच्या दारातून सटकलो आणि पदक काढून गायबच्या हातात द्यायला लागलो. त्याने ते परत माझ्या गळ्यात घातलं. खांद्यावरच्या पिशवीतून एक जुनं प्रार्थनागीतांचं पुस्तक काढलं. आत शाळेचा शिक्का आणि खाली 'पूर्ण हजेरीबद्दल'. "हे तुझं," तो म्हणाला. "मी उगाच सांभाळत बसलो होतो." मी त्याला एक गुद्दा मारला.

"चल," तो म्हणाला, "ओढ्यात अजून मासे आहेत."

मी जन्मात भिंतीवरून उडी मारलेली नव्हती. माझ्या पायात कार्यक्रमाचे बूट होते, अंगात इस्त्रीचा कोट, गळ्यात पदक. मी भिंतीवर चढलो. वर बसलो तेव्हा मागून फर्रकन आवाज आला, तो कोटाचा होता की कशाचा ते बघायला मी थांबलो नाही. खाली बायको उभी होती. ती कधी मागोमाग आली, मला कळलंही नव्हतं. म्हणाली, "पुस्तक माझ्याकडे द्या, भिजेल. आणि चपला धरा माझ्या, मला वर घ्या."

तेवढ्यात आतून लाउडस्पीकरवर प्रिन्सिपल बाईंचा आवाज आला. छायाचित्रासाठी आजच्या सत्कारमूर्तींनी कृपया व्यासपीठावर यावं. त्यांनी गायबचं नाव पुकारलं. एकदा पुकारलं, दुसऱ्यांदा पुकारलं. आम्ही तिघं भिंतीवर श्वास रोखून बसलो. रंगाऱ्याची अक्षरं अजून ओली असतील आणि स्क्रूड्रायव्हर अजून खिशात असेल, एवढंच माझ्या मनात येत होतं.

आणि सभागृहातून, आळोखेपिळोखे देत, ढब्बूचा जांभईभरला आवाज आला, "आडसम!"